मोठे यंत्र, टेबलावरचे यंत्र आणि आपली खतावणी



वसंतातील व्याख्यानांत कोणी ज्ञानेश्वरांवर बोलतो, कोणी पानिपतावर बोलतो. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा माझी दहावीच्या अलीकडेच सुटली, आणि पुढे जे काही वाचन झाले ते पाळी संपल्यावर, स्टेशनावरच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतील दिव्याखाली झाले. त्यामुळे व्यवस्थापक मंडळींनी विषय विचारला तेव्हा मी भीतभीतच म्हणालो की काही वर्षांपूर्वी आमच्या कामगारांच्या पतपेढीत एक भांडण झाले, त्या भांडणाचा इतिहास सांगतो. मंडळी हसली, पण त्यांनी नाही म्हटले नाही.

भांडण असे होते. पतपेढीचे हिशेब ठेवण्यासाठी नवे यंत्र घ्यावयाचे होते. दुकानदाराने दोन कागद पाठविले. एका कागदावर एक अतिशय ताकदवान डेस्कटॉप, म्हणजे टेबलावर ठेवण्याचा संगणक होता. त्याचा वेग मोठा, स्मृती मोठी, चित्रे रंगविणारे कार्डही त्यात बसविलेले. दुसऱ्या कागदावर एक लहानसा सर्व्हर होता. त्याचा वेग कमी, स्मृती कमी, दिसावयास ओबडधोबड लोखंडी पेटी, आणि किंमत जवळजवळ दुप्पट! आमच्या सभेत भांडारात काम करणारे एक जुने सभासद आहेत. त्यांनी दोन्ही कागद चष्म्याजवळ नेले आणि विचारले, "बैल बारका आणि किंमत दुप्पट, हा कुठला बाजार?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नाही. मलाही नाही. ते शोधता शोधता मी फार मागे गेलो, आणि मला असे दिसले की आमच्या चार टेबलांच्या पतपेढीत जो प्रश्न निघाला, तोच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात मोठमोठ्या कचेऱ्यांपुढे साठ वर्षे उभा होता, आणि त्याचे उत्तर देताना आम्हा संघटनांच्या लोकांचीही एक मोठी चूक झाली.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपले स्टेशन वरठीत आहे, नाव मात्र त्याचे भंडारा रोड. तेथील खिडकीवर आपण आरक्षणाचे तिकीट काढतो. खिडकीमागील बाबूच्या पुढ्यात एक पडदा आणि कळफलक असतो. आपली जागा त्या पडद्यामागील यंत्रात आहे असे आपल्याला वाटते, पण तेथे ती नसते. ती दूर कोठेतरी एका मोठ्या यंत्रात नोंदलेली असते, आणि बाबूचे यंत्र त्या मोठ्या यंत्राला विचारते, जागा आहे काय? उद्या ही खिडकी बंद पडली तर शेजारची खिडकी उघडते, आणि आपली जागा जेथल्या तेथे राहते. पूर्वी असे नव्हते. पूर्वी मोठ्या स्टेशनांवर जाडजूड रजिस्टरे असत, आणि ज्याच्या हातात ते रजिस्टर त्याच्याच खिडकीवर ती गाडी मिळे. १९८५ साली दिल्लीत यंत्राने आरक्षण करण्याचा प्रयोग सुरू झाला, १९८७ साली तो मुंबईत आला, आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले.

दूर बसून अनेकांची विचारणा एकाच वेळी पुरविणारे जे यंत्र, ते सर्व्हर. शब्दाचा अर्थ सेवक असा होतो. नाव सेवकाचे खरे, पण हा सेवक थंड खोलीत बसतो आणि मालक मंडळी बाहेर वैशाखाच्या उकाड्यात रांगेत उभी असतात, ही गोष्ट निराळी. डेस्कटॉप हा एका माणसाचा असतो. तो माणूस येतो तेव्हा चालू होतो आणि तो घरी जातो तेव्हा बंद होतो.

आता मागे जाऊ. आपल्या देशात सुरुवातीस टेबलावरचे यंत्र हा प्रकारच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रोफेसर नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशात घडविलेले पहिले मोठे गणकयंत्र बांधले. त्याचा लहान नमुना १९५६ साली चालू झाला, पूर्ण यंत्र १९६० साली कामास लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची, आणि एकेक शब्द ४० अंशांचा. हिशेब केला तर ही सारी स्मृती आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्रालाही पुरणार नाही. पण त्या वेळी शास्त्रज्ञ आपापले प्रश्न घेऊन त्या यंत्राकडे जात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबत. १९६४ साली अमेरिकेतून 'सीडीसी ३६००' हे त्याहून पुष्कळ मोठे यंत्र त्याच संस्थेत आले, तरी रांग तशीच राहिली. यंत्र एक आणि माणसे अनेक, हीच त्या काळची रीत होती.

शास्त्रज्ञांची रांग कोणाला भयप्रद वाटली नाही. भय निर्माण झाले ते हे यंत्र कचेरीत शिरू लागले तेव्हा. १९५६ साली लहानमोठ्या २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. लाखो विमापत्रे, त्यांचे हप्ते, त्यांच्या खतावण्या, आणि त्या लिहिणारे हजारो कारकून. १९६० नंतरच्या दशकात महामंडळाने मुंबईस आणि कोलकात्यास मोठी यंत्रे बसविण्याचे ठरविले. कोलकात्यात 'इलाको हाऊस' नावाच्या इमारतीत यंत्र बसवावयाचे होते. तेथील कर्मचाऱ्यांनी इमारतीपुढे रात्रंदिवस पहारा ठेवला आणि यंत्र आत जाऊ दिले नाही. आज तरुण मंडळी ही हकिकत ऐकून हसतात. मी हसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली कमी माणसांकडून जास्त साचे आणि माग चालवून घेण्याच्या योजना आल्या, तेव्हा त्याविरुद्ध किती मोठा संप झाला हे ज्यांना माहीत आहे त्यांना इलाको हाऊसपुढचे लोक वेडे वाटणार नाहीत. दहा माणसांची खतावणी एक यंत्र लिहील, मग उरलेल्या नऊ माणसांनी कोठे जावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो सरळ होता.

या वादामुळे केंद्र सरकारला स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते, आणि १९७२ साली तिचा अहवाल निघाला. दांडेकरांचे नाव आपल्याला दारिद्र्यावरील त्यांच्या अभ्यासामुळे माहीत आहे. त्याच माणसाकडे कचेरीतील यंत्राचाही प्रश्न गेला होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढची गोष्ट बँकांची, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत बोधक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परत आत जाता आले नाही. पोटावर पाय म्हणजे काय ते साऱ्या महाराष्ट्राला दिसत होते. त्याच सुमारास बँकांत यंत्रे आणण्याच्या वाटाघाटी चालल्या होत्या. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात करार झाला, आणि ठराविक मर्यादेत यंत्रे आणण्यास संघटनांनी मान्यता दिली. रिझर्व्ह बँकेचे त्या वेळचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली अहवाल दिला. तीत तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. शाखेत लहान यंत्रे, विभागीय कचेरीत मध्यम यंत्र आणि मुख्य कचेरीत मोठे यंत्र.

शाखेत जे यंत्र आले त्याचे नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन', पण बँकेतील माणसे त्याला नुसते 'एएलपीएम' म्हणत. ते एका टेबलावर बसे. काही खात्यांची खतावणी त्याच्या पोटात असे. कारकून पावत्या समोर ठेवून नोंदी करी, यंत्र शिल्लक काढी आणि पान छापून देई. शेजारच्या टेबलावर दुसरे तसलेच यंत्र असे, पण या दोघांचे एकमेकांशी बोलणे नसे. पहिल्या यंत्रातील खाते दुसऱ्या यंत्राला ठाऊक नसे. म्हणजे जुन्या काळी जशी लाल कापडी बांधणीची खतावणी त्या त्या कारकुनाच्या टेबलावर असे, तशीच ती यंत्रातही राहिली. कापड गेले आणि लोखंड आले, एवढाच फरक झाला. म्हणूनच ते यंत्र संघटनांना त्यातल्या त्यात मानवले असावे असा माझा तर्क आहे.

नागपूरच्या एका बँकेत आयुष्य काढलेले माझे एक वडीलधारे स्नेही आहेत. संघटनेच्या कामात ते मुरलेले. त्यांना मी विचारले, "काका, त्या वेळी तुम्ही कशावर भांडलात?" ते म्हणाले, "यंत्रे किती, कोणत्या शाखेत, कोणत्या कामाला आणि चालविणाऱ्याला भत्ता किती, यावर. आम्ही यंत्रे मोजली, बाबा. खतावणी शेवटी कोठे जाऊन राहणार, हे आम्ही विचारले नाही."

हे वाक्य मला रात्रभर झोपू देईना. कारण पुढे झाले ते असे. १९९० नंतर शाखांतील सुटी यंत्रे तारेने जोडली गेली. शाखेच्या कोपऱ्यात काचेच्या खोलीत एक सर्व्हर बसला, आणि टेबलांवर नुसती तोंडे राहिली. खतावणी टेबलावरून कोपऱ्यात गेली. मग २००३ नंतर स्टेट बँकेने आपल्या शाखा एका मध्यवर्ती यंत्रणेला जोडण्याचे काम हाती घेतले आणि खतावणी शाखेतून उठून नवी मुंबईत बेलापूरला गेली. इतर बँकांनीही आपापल्या परीने तेच केले. ग्राहकाचा यात फार फायदा झाला हे मी मोकळ्या मनाने सांगतो. आपल्या गावचा मुलगा पुण्यास कामाला असला तर त्याने तेथे भरलेले पैसे त्याच घटकेस येथे आईच्या खात्यात दिसतात. पूर्वी त्यासाठी मनिऑर्डरीची वाट पाहावी लागे.

पण आता संपाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. खतावणी शाखेत होती तोपर्यंत शाखा बंद म्हणजे बँक बंद. शंभर माणसे दारात बसली की व्यवहार थांबे, आणि वरच्या माणसाला खाली येऊन बोलावे लागे. आज शाखेतील सारी माणसे दारात बसली तरी चौकातील यंत्र नोटा देत राहते आणि मोबाईलवरून पैसे जात येत राहतात. कारकुनाची नोकरी एका दिवसात गेली नाही, पण त्याच्या हातातील किल्ली गेली, आणि ती कोणत्या दिवशी गेली हे त्याला कळलेही नाही. यंत्राची संख्या करारात लिहिली होती. खतावणीचा मुक्काम लिहिलेला नव्हता. कारखान्यांच्या फाटकावर आज ठेकेदाराच्या माणसांचे अंगठे घेणारे यंत्र असते. तो अंगठा कोणत्या गावच्या यंत्रात जाऊन बसतो हे त्या माणसाला ठाऊक नसते, आणि महिनाअखेर तीन खाडे जास्त पडले तर पूर्वी जसे "मस्टर दाखवा" म्हणून टेबलावर हात आपटता येई, तसे आता येत नाही. याच्या उलटही एक उदाहरण आहे, ते सांगितले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मध्यवर्ती यंत्रात गेला, २०१४ पासून प्रत्येक कामगाराला त्याचा एकच कायमचा क्रमांक मिळू लागला, आणि आज तो स्वतः मोबाईलवर पाहू शकतो की मालकाने पैसे भरले की नाहीत. येथेही खतावणी दूर गेली. पण जाताना तिने कामगारासाठी एक खिडकी उघडी ठेवली.

हे झाले मोठ्या कचेऱ्यांचे. आता आमच्या भांडारातल्या सभासदाच्या बैलाकडे वळू. बारक्या बैलाची किंमत दुप्पट का? याचे उत्तरही इतिहासातच आहे, आणि ते मला फार गमतीचे वाटले.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे एक गणिती होते. १९४७ च्या सुमारास त्यांना तेथील मोठे यंत्र शनिवार-रविवारी वापरावयास मिळे. यंत्राला स्वतःची चूक झाल्याचे कळत असे. आठवड्याच्या दिवशी चूक झाली की यंत्र थांबे आणि चालक ती दुरुस्त करीत. पण सुट्टीच्या दिवशी चालक नसत, म्हणून चूक होताच यंत्र ते काम टाकून पुढचे काम घेई. सोमवारी हॅमिंग येऊन पाहत तो त्यांचे काम झालेलेच नसे. ते चिडले. त्यांचा प्रश्न असा होता की यंत्राला चूक झाली हे जर कळते, तर ती कोठे झाली हे शोधून त्यानेच ती दुरुस्त का करू नये? या चिडण्यातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करण्याची रीत काढली आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली.

ही रीत अवघड वाटते, पण आपल्यापैकी ज्यांनी पगारपत्रक लिहिले आहे त्यांना तिचे मूळ ठाऊक आहे. पगारपत्रकात आपण आडवी बेरीज करतो आणि उभीही करतो. समजा, सातव्या ओळीची आडवी बेरीज जुळत नाही आणि चौथ्या रकान्याची उभी बेरीज जुळत नाही. मग चूक कोठे आहे? सातवी ओळ आणि चौथा रकाना जेथे एकमेकांस छेदतात त्या घरात! बाकीची बेरीज धरून त्या घरातला आकडा किती असावयास हवा हेही काढता येते. हॅमिंग यांची युक्ती याहून सूक्ष्म आहे, पण कुळ तेच. सर्व्हरच्या स्मृतीत असे जास्तीचे अंश ठेवलेले असतात, आणि उष्णतेने किंवा आणखी कशाने एखादा अंश उलटला तर ती स्वतः तो सुलटा करते. साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ही सोय नसते. तेथे तीनशेचे चव्वेचाळीस झाले तर यंत्र ते खरे मानून पुढे जाईल. असे रोज घडते असे नाही. पण रात्रंदिवस वर्षानुवर्षे चालणाऱ्या खतावणीत ते एकदा घडले तरी पुरे.

दुसरी गोष्ट तबकड्यांची. १९८८ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की एक भलीमोठी महाग तबकडी घेण्यापेक्षा पुष्कळ लहान स्वस्त तबकड्या एकत्र जोडाव्या. मात्र तबकड्या पुष्कळ झाल्या की त्यांतील कोणतीतरी बिघडणारच. म्हणून माहिती अशा रीतीने वाटून आणि दुहेरी ठेवावी की एक मेली तरी बाकीच्यांनी काम चालवावे. संघटनेच्या माणसाला हा निबंध आवडला तर नवल नाही! सर्व्हरमध्ये बहुधा निदान दोन तबकड्या असतात आणि एकच नोंद दोन्हींवर होते. चांगल्या सर्व्हरमध्ये वीज घेणारे भागही दोन असतात, आणि यंत्र चालू असतानाच बिघडलेला भाग काढून नवा बसविता येतो. तेव्हा दुप्पट दाम ताकदीचे नव्हते. ते थकू नये आणि विसरू नये यासाठीचे होते.

याचा अर्थ ताकदवान डेस्कटॉप वाईट असा कोणी घेऊ नये. माझा एक भाचा भंडाऱ्यात लग्नाच्या चित्रफिती जुळवून देतो. त्याच्या टेबलावर तसलेच दांडगे यंत्र आहे आणि ते त्याला हवेच. त्याचे काम एकट्याचे आहे, जड आहे, आणि त्याला चित्र डोळ्यांसमोर त्याच क्षणी हलताना दिसले पाहिजे. त्याने सर्व्हर घेतला तर पैसे वाया जातील आणि त्या पेटीच्या पंख्यांच्या आवाजाने घरातील माणसे झोपणार नाहीत. कारखान्यातील नकाशे काढणाऱ्या इंजिनियरचेही तसेच. पहिलवान हवा तेथे पहिलवानच घ्यावा. पण तिजोरीच्या दाराशी रात्रभर बसावयास आपण पहिलवान शोधीत नाही, न झोपणारा माणूस शोधतो.

हे शहाणपण आम्हाला आधी असते तर बरे झाले असते. आमच्या पतपेढीत आधी जे यंत्र होते ते असेच एक पहिलवान होते. बाजारात जे सर्वांत वेगवान ते घ्यावे, असा ठराव मीच मांडला होता. ते रोखपाल बाईंच्या टेबलावर ठेवले. कर्जाच्या टेबलावरचे आणि वसुलीच्या टेबलावरचे संगणक तारेने त्यातीलच खतावणी उघडत. बाई सायंकाळी साडेपाचला यंत्र बंद करून घरी गेल्या की कर्जाच्या टेबलावरील नोंद अर्धवट तुटे. पहिल्या पाळीचे कामगार हप्ता भरावयास नेमके त्याच सुमारास येत. कोणी त्या यंत्रावर दुसरे काही जड काम सुरू केले की तिन्ही टेबले अडत. आम्ही म्हणत होतो, यंत्र मंद झाले, आणखी ताकदीचे घेऊ.

मग मे महिना आला. आपल्याकडचा मे कसा असतो हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. पारा पंचेचाळीसच्या वर, वीज जाते आणि येते, येते आणि जाते. एका दुपारी यंत्र बंद पडले ते पुन्हा उठले नाही. तबकडी गेली होती. खतावणीची दुसरी प्रत आहे ना, असे मी विचारले. होती. त्याच तबकडीवर, दुसऱ्या नावाने! बाहेर काढून ठेवलेली शेवटची प्रत सतरा दिवसांपूर्वीची होती.

ते सतरा दिवस आम्ही कागदांवरून परत लिहून काढले. कचेरीपुढील कडुनिंबाखाली रात्री सतरंजी टाकून बसावयाचे, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती एकीकडे, सभासदांची पासबुके दुसरीकडे. फाटकावर सूचना लावली की ज्यांनी या दिवसांत पैसे भरले त्यांनी पुस्तक घेऊन यावे. लोक आले. कोणी रागावले, कोणी चहा घेऊन आले. विड्या वळणारी एक मावशी तिसऱ्या रात्री आली. पासबुक तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, असे बांधून आणले होते. तिने दोनशे रुपये भरले होते, आणि त्या पावतीची स्थळप्रत आमच्याकडे कोठेच सापडेना. ती म्हणाली, "भाऊ, माहे पैसे कोन्या यंत्रात गेले थे मले समजत नाही. ह्या पुस्तकावर तुमच्या मानसाची सही हाये, येवढं मले समजते." सही होती. शाईची, तारखेसह. दोनशे रुपये लिहिले. तिचा सात दिवसांचा कोंडा-मीठ त्यात होता, आणि मी वेगवान यंत्राचा ठराव मांडणारा माणूस तिच्यापुढे मान वर करू शकलो नाही.

त्यानंतर ती सभा झाली, जिच्यात बैलाचा प्रश्न निघाला. तिसरीही एक सूचना आली. यंत्र घेऊच नये, दूरच्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी आणि खतावणी तेथे ठेवावी. पुष्कळ संस्था तसे करतात आणि त्यात सोय आहे हे मी नाकारीत नाही. तबकडीची, विजेची, उकाड्याची काळजी दुसरा करतो. पण बेलापूरची गोष्ट मी नुकतीच वाचून संपविली होती. मी विचारले, भाडे थकले तर खतावणी कोणाची? तार तुटली त्या दिवशी हप्ता कसा घ्यावयाचा? आणि उद्या आपले नि कंपनीचे पटले नाही तर सारे हिशेब आपल्याला वाचता येतील अशा रूपात ती परत देईल हे कोठे लिहिले आहे? सूचना मांडणाऱ्या तरुणाने कराराचा मसुदा आणला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते असते तर कदाचित मीही त्या बाजूने हात वर केला असता.

शेवटी लहान सर्व्हर घ्यावयाचा ठरले, सात विरुद्ध चार मतांनी. ठरावात मी एक गोष्ट हट्टाने घालून घेतली. यंत्राचा मुख्य संकेतशब्द एका माणसाजवळ राहू नये. तो लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावा, आणि अध्यक्ष व चिटणीस दोघे असल्याशिवाय ते फोडू नये. दोन तबकड्या असल्या म्हणजे जास्तीची प्रत नको असे दुकानदाराचा माणूस सांगत होता, ते मात्र खरे नाही. कोणी चुकून खाते पुसले तर दोन्ही तबकड्यांवरून ते एकाच क्षणी पुसले जाते. म्हणून दर शनिवारी एक प्रत सुट्या तबकडीवर काढतात आणि ती कचेरीबाहेर, खजिनदाराच्या घरी जाते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडून पाहतात. पासबुकावर शाईची सही आजही होते.

खर्च अंदाजापेक्षा वाढला, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी लाल खतावण्यांचे कपाट ज्या लहान खोलीत होते तेथे सर्व्हर ठेवला. पश्चिमेची खिडकी विटांनी बुजवावी लागली, खोली थंड ठेवणारे यंत्र बसवावे लागले, आणि वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरी दुकानदाराने सांगितली होती त्याच्या दुप्पट घ्यावी लागली. यातील एकही गोष्ट त्या कागदावर लिहिलेली नव्हती. भांडारातल्या सभासदाने वार्षिक सभेत त्यावर दहा मिनिटे भाषण केले, आणि ते सारे बरोबर होते.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम सायंकाळपर्यंत थांबलो. साडेपाच वाजता रोखपाल बाईंनी आपले यंत्र बंद केले, डबा पिशवीत घातला आणि त्या निघाल्या. पलीकडच्या टेबलावर पहिल्या पाळीचे सात-आठ कामगार रांगेत उभे होते, आणि कर्जाचा कारकून मान वर न करता त्यांचे हप्ते लिहीत होता.